भाच्याची ‘निवड’ आणि अडकलेला दाखला

गडहिंग्लजच्या पोरांना फुटबॉल शिकवावा लागत नाही, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. माझा भाचा त्यातलाच. सातवीत असताना शाळेकडून खेळत होता, तेव्हा पुण्याच्या एका अकादमीच्या ‘स्काउट’नं त्याला हेरलं. माणूस गोडबोल्या, गळ्यात शिट्टी. सामना संपल्यावर तो थेट दाजींकडे आला. "काका, असा डावा पाय मी पुण्यात बघितला नाही. इथं राहिला तर वाया जाईल." मग अनिकेत जाधवचं नाव काढलं. कोल्हापूरचा अनिकेत २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात ते नाव घेतलं की बापाचं अर्धं मन वळतं. रात्री दाजींचा मला फोन. "पावणं, पोराचं नशीब उघडलं बघा."

लगेच व्हॉट्सॲपवर निवडीचं पत्र आलं. लेटरहेडवर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा लोगो होता, पण कुठल्यातरी स्क्रीनशॉटमधून कापून चिकटवलेला, कडा फाटलेल्या. खाली शिक्का, सही वाचता येत नाही. विकास शुल्क ८५ हजार, किट १२ हजार, हॉस्टेल महिन्याला १४ हजार. तीन दिवसांत न भरल्यास जागा दुसऱ्याला.

बाहेरगावचा खेळाडू घेण्यात गैर काही नाही. कोल्हापुरातल्या तालमी, म्हणजे पेठापेठांचे फुटबॉल संघसुद्धा बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू आणून शाहू स्टेडियमवर खेळवतात, आणि त्यावरून पेठापेठांत तोंडाला तोंड लागतं ते वेगळं. पण तालीम खेळाडूला पैसे देते. इथं खेळाडूच पैसे देणार आणि वर त्याला निवड म्हणायचं!

दाजींनी सोसायटीचं कर्ज काढून पैसे भरले. पावती मी नंतर बघितली. अकादमीचं नाव त्यावर कुठेच नाही. एका क्रीडा प्रतिष्ठानाच्या नावानं फाडलेली, आणि बारीक अक्षरात ‘ऐच्छिक देणगी, परत मिळणार नाही’. म्हणजे उद्या ग्राहक आयोगात गेलात तर फी भरल्याचा पुरावाच नाही.

हॉस्टेल म्हणजे तीन खोल्यांचा फ्लॅट. सांगली, नांदेड, चंद्रपूर, दोघं तर मणिपूरचे. जमिनीवर गाद्या आणि जेवणाला डबा. मैदानावर खेळ कळायला वेळ लागला नाही: अकरात स्थानिक मुलं, त्यांची फी नाममात्र, आणि बाहेरची बाकावर. टर्फचं भाडं, कोचचा पगार, स्पर्धांचा खर्च या बाकावरच्या पोरांच्या पैशातून. भाच्याला सबंध मोसमात फार तर शेवटची दहा-दहा मिनिटं मिळाली असतील.

खरा फास मात्र पैशाचा नव्हता. "शाळेचा प्रवेश आम्हीच करून देतो" म्हणून त्यांनी शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि मूळ जन्मदाखला ठेवून घेतला होता. जन्मदाखल्याचं कारण तर पुढे उघड झालं. त्यांनी ताईला विचारलं, "वय दीड वर्षानं कमी करून घेऊ या का? नवीन दाखला निघतो." ताईनं फोनवरच झाडलं. मोठ्या स्पर्धांच्या आधी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, तिथं पोरगं सापडलं की बंदी त्याच्यावर येते, हे त्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मग निघाली स्पेनची टूर. ‘तिथल्या क्लबचे लोक बघणार, करार होऊ शकतो’, खर्च चार लाख. मोजकेच अपवाद सोडले, तर १८ वर्षांखालच्या मुलाची परदेशी क्लबात नोंदणी फिफाच्या नियमात बसतच नाही. हाच नियम मोडला म्हणून २०१४ साली खुद्द बार्सिलोनावर खेळाडू घ्यायला बंदी आली होती. आणि हे आमच्या तेरा वर्षांच्या पोराला करार देणार! ट्रायल म्हणजे पैसे भरून केलेली सहल, एवढंच.

दाजी नाही म्हणाले आणि दुसऱ्या आठवड्यापासून भाचा सरावालाही नको झाला. परत न्यायचं म्हटल्यावर सूर बदलला. नोंदणी आमच्याकडे आहे, ना-हरकत पत्राला ५० हजार लागतील, तोवर दाखला मिळणार नाही. दाजी पोलीस ठाण्यात गेले तर तिथं उत्तर, ही दिवाणी बाब आहे.

दाखल्याचं सुटलं ते कायद्यानं. भाचा आठवीत, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात बसणारा. त्याच्या कलम ५ प्रमाणे शाळा बदलायची तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. अकादमीनं पुण्याच्या ज्या शाळेत त्याचं नाव घातलं होतं तिला मी लेखी अर्ज दिला, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. मुख्याध्यापिका बाईंना तर आपल्या शाळेच्या नावावर हॉस्टेल चालतंय हेच पुरतं माहीत नव्हतं. दाखला आला. जन्मदाखल्याची प्रत नगरपालिकेतून पुन्हा काढली. पैशातले ३० हजार परत मिळाले, तेही दाजी सगळ्या पालकांना घेऊन दारात बसले तेव्हा. महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीतली नोंदणी मात्र अकादमीनं सोडली नाही, म्हणून दुसऱ्या संघाकडून खेळता येईना आणि भाच्याचा तो हंगाम बुडाला.

तुमच्याकडे असा कोणी आला तर त्याच्या पत्राकडे बघू नका. अकादमीला मानांकन आहे का ते महासंघाच्या संकेतस्थळावर बघा, आणि जिल्हा संघटनेत फोन करून विचारा. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, साक्षांकित प्रत पुरते. आणि ज्यांना खरंच मुलगा हवा असतो ते काय करतात तेही बघा. जमशेदपूरची टाटा अकादमी किंवा नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी निवडलेल्या मुलाचा खर्च स्वतः करते. सरकारी क्रीडा प्रबोधिनीतही चाचणी देऊन जाता येतं. तिथं जागा थोड्या, निवड अवघड, पण कोणी तीन दिवसांत पैसे भरा म्हणत नाही.

भाचा आता गडहिंग्लजलाच खेळतो. तो शिट्टीवाला सध्या मिरज-इस्लामपूर भागात फिरतोय, अकादमीचं नाव नवं आहे. पावती मात्र अजून त्याच प्रतिष्ठानाची फाडतो, असं तिथल्या एका पालकानं मला फोटो पाठवून कळवलं.