उद्योग संघटनेची लोकप्रतिनिधी-भेट सेवा: पैसे भरण्याआधी निवेदन वाचा

सभासदांना लोकप्रतिनिधींच्या भेटीला नेणं ही बऱ्याच उद्योग संघटनांची ठरलेली सेवा. आदल्या दिवशी तयारीची बैठक, दुसऱ्या दिवशी चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आणि पंधरा-वीस मिनिटांच्या भेटी. वेळ मिळवणं, पास काढणं, कोणाला कुणाकडे पाठवायचं ते ठरवणं, हे संघटना चोख करतात. लहान कारखानदाराला एकट्याने ते जमणं कठीण. इथवर तक्रारीला जागा नाही.

घोळ असतो निवेदनात. बोल्टचंच घ्या. समजा वायर रॉडवर (बोल्ट ज्यापासून बनतो त्या पोलादी सळईवर) १० टक्के आयात शुल्क आहे आणि तयार बोल्टवर ५ टक्के. १०० रुपयांच्या बोल्टमध्ये ६० रुपयांचा आयात रॉड असेल, तर बोल्ट बनवणारा ६ रुपये शुल्क भरतो आणि तयार बोल्ट आणणारा ५. म्हणजे कारखाना चालवणाऱ्यालाच १ रुपयाचा भुर्दंड. एवढं तीन ओळींत मांडलं तर कुणालाही पटतं. पण त्याच संघटनेत पोलाद बनवणारेही असतात आणि त्यांना ते १० टक्के हवेच असतात. दोघांना सांभाळता सांभाळता मजकूर ‘स्पर्धात्मकतेला पोषक धोरण असावे’ इथे येऊन थांबतो. असा कागद घेऊन जाऊच नये, त्यावर कुणाला काही करताच येत नाही. चांगली संघटना मतभेद झाकत नाही. देशात पुरेशा न बनणाऱ्या ठरावीक प्रतीच्या रॉडपुरतीच मागणी ठेवते, किंवा उपगटाच्या नावाने वेगळं निवेदन देते.

दुसरी चूक कोडची, आणि ती फार महागात पडते. एचएस कोड म्हणजे आयात-निर्यातीत मालाची वर्गवारी सांगणारा क्रमांक; त्याचे पहिले सहा अंक ही पद्धत वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखे असतात. बोल्ट ७३१८ मध्ये येतो, म्हणून कच्च्या मालासाठी निवेदनात ७२१३ टाकून मोकळे होतात. ते शीर्षक बिगरमिश्र पोलादाच्या रॉडचं. जास्त ताकदीच्या बोल्टना बऱ्याचदा बोरॉन पोलाद वापरतात, आणि बोरॉन ०.०००८ टक्के किंवा त्याहून जास्त असलं की एचएसच्या लेखी ते मिश्र पोलाद. त्याचा रॉड ७२२७ मध्ये जातो. सवलत ७२१३ ला मिळाली तर हे कारखाने कोरडेच. तयारीच्या बैठकीला मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलादात काय किती आहे ते सांगणारा गिरणीचा दाखला) सोबत न्या आणि बोरॉनचा आकडा निवेदनातल्या कोडशी ताडून बघा.

मागणी कुणाच्या हातातली आहे हेही तपासा. शुल्काचे दर अनेक ठिकाणी अधिसूचनेने बदलतात. तिथे लोकप्रतिनिधीकडे ‘दर कमी करा’ असं मागून उपयोग नाही. ‘मंत्र्यांना हे पत्र द्या’ किंवा ‘समितीत हा प्रश्न घ्या’ असं मागायचं. ऐनवेळी साहेब अडकले आणि सहायकाशी बोलावं लागलं तर सभासद नाराज होतात. तसं होऊ नका. पत्राचा मसुदा पुष्कळदा त्याच टेबलावर तयार होतो. त्याला मतदारसंघातले कारखाने आणि कामगार यांचे आकडे द्या.

लोकप्रतिनिधींकडे अशी मागणी मांडणाऱ्यांना, म्हणजे लॉबिंग करणाऱ्यांना, काही देशांत नोंदणी करावी लागते. त्याबाबत संघटनेने लेखी सांगायला हवं. अमेरिकेत १९९५ चा कायदा आहे, जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून नोंदवही सक्तीची आहे. तपशील देशागणिक वेगळे. तयारीच्या बैठकीत प्रतिस्पर्धी एकाच टेबलाशी बसतात, तेव्हा विषयपत्रिका लेखी हवी आणि विक्रीचे दर किंवा ग्राहक यांवर बोलणं निघालं की थांबवणारं कुणीतरी हवं. धोरणावर एकत्र बोलणं वेगळं, दरावर बोलणं स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात नेणारं.

सगळ्यात कच्चा भाग पाठपुराव्याचा. भेटीत मागितलेला आकडा दोन दिवसांत पोचायला हवा, पण तो कुणी पाठवायचा हेच ठरलेलं नसतं. म्हणून पैसे भरण्याआधी मागच्या भेटींचा तक्ता मागा: कोणी काय कबूल केलं, पत्र गेलं का, कोणत्या तारखेला. तक्ता दाखवता आला नाही तर सभासदत्व ठेवा, या भेटीचे वेगळे पैसे मात्र भरू नका.