आरएक्स ५८० की जीटीएक्स १६५०? जुन्या पीसीवाल्यांसाठी

चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, एच८१ बोर्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), असा पीसी घरात असेल तर हे तुमच्यासाठी. एसएसडी आणि रॅमची दुसरी पट्टी टाकून झाली आहे असं धरतो. नसेल तर आधी ते उरका. एसएसडीनं एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढत नाहीत, पण गेम मधेच अडखळतो ते बरंच कमी होतं.

मग उरतं ग्राफिक्स कार्ड. आपल्या बजेटात जुन्या बाजारात फिरून फिरून दोनच नावं समोर येतात. ८ जीबीचं ५८० आणि ४ जीबीचं १६५०. पहिलं मित्राकडून उन्हाळ्यात पंधरा दिवस आणून चालवलं, दुसरं आज माझ्या मशीनमध्ये आहे. म्हणजे माझा कल कुठे ते कळलंच.

नुसत्या ताकदीत ५८० पुढे आहे, त्यात वाद नको. जीटीए फाइव्ह टेक्श्चर (चित्रातला बारकावा) वर ठेवून निवांत चालला. १६५० वर तेच करायला गेलं की कार्डाची मेमरी भरते आणि एखाददुसरी सेटिंग खाली आणावी लागते. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांना मात्र फारसा फरक जाणवणार नाही, तिथं कार्डाआधी आपला चार कोअरचा प्रोसेसरच दमतो. शिवाय मला १६५० साठी हजारभर रुपये जास्त मोजावे लागले, हेही सांगून टाकतो.

तरी ५८० परत केलं. कारण यूपीएस.

आम्ही सोलापूरच्या अशोक चौकाकडचे. उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मॉनिटरसकट सगळं ६०० व्हीएच्या यूपीएसवर. असा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. ५८० एकटं १८५ वॉट खातं, प्रोसेसरचे ८४, वर डिस्क-पंखे, आणि स्वस्त एसएमपीएस वाटेत उधळतो ते वेगळंच. लाइट असेपर्यंत काही कळत नाही. ती गेली की एक टीं वाजायची आणि स्क्रीन काळी. सेव्ह करायला पाच सेकंदही नाहीत. भाचा सुट्टीला आला होता, त्याचं एकच मिशन तीनदा गेलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, "मामा, तुमचं जुनं कार्डच बरं होतं की!" मोठा यूपीएस घ्यायचा, तर त्याला जोडीला चांगला एसएमपीएसही हवा. स्वस्तातलं कार्ड तिथंच महाग पडायला लागलं.

१६५० ची गरज ७५ वॉटची, तेवढी वीज बोर्डाच्या स्लॉटमधूनच मिळते. लाइट गेली की यूपीएस टीं-टीं करत राहतो आणि मी शांतपणे सेव्ह करून शटडाउन करतो. फक्त घेताना बघा, काही मॉडेलना सहा पिनची जोडणी लागते. ती नसलेलंच घ्या.

उष्णतेचंही थोडं आहेच. पारा चाळिशी ओलांडलेल्या दुपारी ५८० चे पंखे असे घोंघावायचे की शेजारच्या यंत्रमागाला जोड मिळाल्यासारखं वाटायचं. त्या मागाचे सुताचे तंतू हीटसिंकमध्ये अडकतात ते निराळंच. ब्लोअर मी १६५० लाही महिन्याला मारतोच, तिथं कुणाची सुटका नाही.

कुणी त्याच भावात १०५० टीआय दाखवलं तर मोहात पडू नका. त्या पिढीचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर एनव्हिडियानं २०२५ मध्ये थांबवले, १६५० त्यात नाही. ५८० च्या मालिकेलाही एएमडी आता जेमतेम गरजेपुरतेच अपडेट देते.

घरात दणकट इन्व्हर्टर असेल, एसएमपीएस नावाजलेला असेल आणि त्याला आठ पिनची वायर असेल, तर माझं ऐकू नका, ५८० घ्या. ८ जीबी मेमरी पुढेही उपयोगी पडेल. मात्र पैसे देण्याआधी कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये शेडरचा, म्हणजे कार्डातल्या छोट्या गणन-घटकांचा, आकडा बघा. २३०४ हवा. २०४८ दिसला तर ते त्याच नावाचं कमी ताकदीचं कार्ड आहे, त्या हिशेबानं भाव पाडून मागा. आणि विकणाऱ्याच्याच मशीनवर अर्धा तास गेम चालवून बघा. क्रिप्टो मायनिंगमध्ये रगडलेली कार्डं पहिली पाच-दहा मिनिटं अगदी गुणी वागतात.