आय७-७७०० वाला डेस्कटॉप: ठेवायचा का विकायचा?

इंटेलचा आय७-७७०० प्रोसेसर, बी२५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, असा माझा २०१७ चा डेस्कटॉप आहे आणि आता विकायला काढलाय. स्लो झालाय म्हणून नाही हं. ब्राउझर, एक्सेल, फोटो एडिटिंग सगळं अजून नीट चालतं, नवीन गेम्सना मात्र धाप लागते, चारच कोअर आहेत शेवटी.

खरी अडचण विंडोजची आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती युजरसाठीचे जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात ते ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत हा नाहीच. गंमत बघा, ७७०० बाजारात आला जानेवारी २०१७ मध्ये आणि सहा कोअरचा ८७०० आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तो यादीत आहे. वर्ष एकच, पण एक आत आणि एक बाहेर! जुगाड करून ११ टाकता येतं, पण पुढचे अपडेट येतीलच याची कुणी हमी देत नाही, त्यामुळे बँकेची कामं करायच्या मशीनवर मी तरी ते करणार नाही. लिनक्स टाकायची तयारी असेल तर अजून कितीतरी वर्षं निघतील, माझ्या कामाची सॉफ्टवेअरं तिथे नाहीत म्हणून माझा नाइलाज.

मग नुसता प्रोसेसर बदल ना, असं कुणीही म्हणेल. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचं नाव दोन्हीकडे एलजीए ११५१ च आहे, पण ८७०० ला ३०० सिरीजचा बोर्ड लागतो, बी२५० वर तो चालत नाही. म्हणजे या बोर्डची गाडी इथेच थांबली. त्याच वर्षी एएमडीवाला बी३५० बोर्ड घेतलेले लोक मजेत आहेत, बऱ्याच बोर्डांवर बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट मारून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसतो, त्यांनी विकायची घाई कशाला करायची.

माझा हिशोब सरळ आहे. दुखणं ज्या पार्टचं आहे तो एकटा बदलता येत असेल तर मशीन ठेवा, त्यासाठी बोर्डच बदलावा लागणार असेल तर विका. आणि दुखणं कुठलं ते आधी नीट बघा. पीसी रखडायला लागला की टास्क मॅनेजर उघडा, डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल आणि विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी टाका, मशीन ओळखू येणार नाही. रॅम काठोकाठ भरत असेल तर रॅम वाढवा. माझा प्रोसेसर मध्यंतरी रेंडर करताना ९५ डिग्रीच्या वर जायचा आणि क्लॉक म्हणजे त्याचा वेग धाडकन खाली यायचा, कूलर काढला तर त्याच्याखालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, नखाने खरवडली तर भुगा पडला. नवीन पेस्ट लावली, पंख्यातली धूळ उडवली आणि तेच काम ७० च्या आसपास व्हायला लागलं. बंद केल्यावर तारीख-वेळ चुकत असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, त्यासाठी कुणी पीसी विकतं का!

विकताना सगळाच्या सगळा डबा देऊ नका. रॅम मी ठेवतोय, २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव जे भडकले ते बघता काढून देणं जिवावर येतं, आणि इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीसाठी डीडीआर४ वाले बोर्ड मिळतात त्यात ती चालून जाईल. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर मात्र फक्त डीडीआर५, तिकडे जाणार असाल तर रॅमही विकून टाका. कॅबिनेट एटीएक्स या नेहमीच्या मापाचं असेल तर राहू द्या. ब्रँडेड पीसीत बऱ्याचदा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि बोर्ड कंपनीच्या स्वतःच्याच मापाचे असतात, तो असेल तर अख्खा विकलेला बरा. ड्राइव्ह तर अजिबात देऊ नका, क्विक फॉरमॅटने डेटा पुसला जाईलच असं नाही, रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं की फोटो बाहेर येऊ शकतात.

आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही हे जाहिरातीतच लिहा, नाहीतर घेणारा घरी जाऊन अपडेट मारायला बसतो आणि मग रात्री अकराला तुम्हाला फोन.