दुसऱ्याचेच मानपत्र: एका समारंभ-व्यवस्थापन सेवेचा अनुभव

आमच्या दादरच्या सांस्कृतिक मंडळाच्या वर्धापनदिनासाठी मानपत्राचे लेखन, सन्मानचिन्ह, फलक, ध्वनिव्यवस्था आणि सूत्रसंचालन हे सगळे काम यंदा आम्ही उपनगरातील एका समारंभ-व्यवस्थापन संस्थेकडे १८,००० रुपयांना सोपवले होते. संस्थेचे नाव मुद्दामच देत नाही.

ध्वनिव्यवस्था चोख होती आणि फलकावरचे शुद्धलेखनही निर्दोष होते (दादरमध्ये ही गोष्ट लहान नव्हे). घोटाळा झाला तो मानपत्राच्या वाचनात. सत्कारमूर्ती होते ८२ वर्षांचे एक चित्रकार. निवेदकाने खणखणीत आवाजात सुरुवात केली आणि दुसऱ्याच परिच्छेदात ‘आपण पतपेढीच्या ठेवी वाढवल्या आणि थकबाकीदारांनाही माणुसकीने वागवले’ असे वाक्य आले. त्या निवेदकाचा सकाळी पार्ल्यात दुसरा कार्यक्रम होता आणि तिथल्या मानपत्राची प्रत त्याच निळ्या फोल्डरमध्ये, आमच्या प्रतीच्या वर राहून गेली होती. पहिल्या रांगेतून मी हातवारे करीत होतो. ती त्याला दाद वाटली असावी, कारण त्याने आवाज आणखी चढवला. चित्रकार मात्र शाल सावरत शेवटपर्यंत मान डोलावत राहिले.

हे थेट संयुक्त राष्ट्रांतही घडलेले आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये सुरक्षा परिषदेत आपले तत्कालीन परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी समोरच्या कागदांतून पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांचे भाषण उचलले आणि ब्राझील व पोर्तुगाल हे दोन पोर्तुगीजभाषक देश परिषदेत एकत्र असल्याबद्दल समाधानही व्यक्त केले. सुमारे तीन मिनिटांनी संयुक्त राष्ट्रांतील भारताचे तत्कालीन स्थायी प्रतिनिधी हरदीपसिंग पुरी यांनी त्यांना थांबवले. २०१७ च्या ऑस्कर सोहळ्यात पाकिटांचे दोन संच रंगमंचाच्या दोन बाजूंना ठेवलेले होते, आणि आधीच जाहीर झालेल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पाकिटाची दुसरी प्रत सादरकर्त्यांच्या हाती पडल्याने ‘मूनलाइट’ऐवजी ‘ला ला लँड’ चित्रपटाचे नाव पुकारले गेले. तिथे निदान ‘ला ला लँड’च्या एका निर्मात्यानेच माइकवरून खरा विजेता सांगितला आणि योग्य कार्ड प्रेक्षकांपुढे धरले. आमच्या निवेदकाने चूक उमगल्यावर पान उलटले आणि ‘आता वळूया पुढच्या कार्यक्रमाकडे’ असे म्हणून तो मोकळा झाला.

माझी तक्रार आहे ती इथे. एकाच दिवशी दोन समारंभ घेणाऱ्या संस्थेने प्रत्येक समारंभाला वेगळे फोल्डर ठेवावे, प्रत्येक पानावर सत्कारमूर्तींचे नाव ठळक छापावे आणि व्यासपीठावर जाण्यापूर्वी मंडळाच्या कार्यवाहांना पहिले पान दाखवावे; याला एक पैसाही लागत नाही. संचालकांचा फोन तिसऱ्या दिवशी आला. ‘लोक विसरतात हो,’ असे म्हणत त्यांनी १,००० रुपये कमी केले, परंतु चित्रकारांकडे दिलगिरी व्यक्त करण्याचे त्यांना शेवटपर्यंत सुचले नाही. ध्वनिव्यवस्थेपुरते त्यांना पुन्हा बोलावू, निवेदक मात्र मंडळाचाच असेल.

खरे मानपत्र चौकटीत घालून मीच चित्रकारांच्या घरी पोहोचवले. त्यांनी ते सावकाश वाचले, भिंतीशी टेकवून ठेवले आणि पतपेढीवाल्या गृहस्थांना त्यांचे मानपत्र नीट मिळाले का, असे विचारले. मी ते संस्थेला कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.