गल्लीतलं विरंगुळा केंद्र, बाबांना करमतंय बघा
आई गेल्यापासून बाबा घरात गप्पच असायचे, आता चार वाजले की टोपी घालून तयार. बेळगावात आमच्या गल्लीतल्या ह्या केंद्रात मराठी-कानडी दोन्ही पेपर येतात, कॅरम आहे, बुधवारी बीपी बघतात आणि मेन म्हणजे 65 च्या पुढच्यांची ती कर्नाटक सरकारची संध्या सुरक्षा पेन्शन असते की, तिचा कानडी फॉर्म तिथल्या बाई शेजारी बसून भरून देतात, लई आधार वाटतो. सगळं वर्गणी-देणगीवर चालतंय, चहापूड किती, लाईटबिल किती, फळ्यावर लिहिलेलं असतं, म्हणून पैसे द्यायला विश्वास वाटतो. फक्त बाथरूममध्ये धरायला दांडा नाही, बाबा एकदा घसरलेत. तेवढं लवकर बसवा, खर्च मी देतो.