हेडटॉर्च: नऊ महिने वापरल्यावर

विकत घेताना खोक्यावरचा एकच आकडा डोळ्यांत भरला होता: ४०० लुमेन (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक). त्यानंतर नऊ महिने जवळजवळ दर पंधरवड्याला ट्रेकला हा टॉर्च माझ्या डोक्यावर आहे. बहुतेक वेळा मी गटाच्या शेवटी, सगळ्यांना गोळा करत चालते. आज नवा घ्यायचा झाला तर तो आकडा मी सगळ्यात शेवटी बघेन.

लुमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटं या वेळात. पुढे तापू नये म्हणून माझा टॉर्च आपणहून मंदावतो. किती तास चालेल हे मोजताना उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे ४०० चे ४० लुमेन होईपर्यंत तो हिशेबाने चालूच. यात फसवणूक नाही, मोजण्याची पद्धतच तशी आहे. पण खोक्यावरचे पाच तास धरून उतरायची वेळ ठरवली तर वाटेत अडकाल. माझ्याकडे दीड तासानंतर जेमतेम पावलापुरता उजेड उरतो. म्हणून मी मधल्या झोतावरच चालते आणि मोठा झोत वाट शोधण्यापुरता लावते.

तिसऱ्या महिन्यातला प्रसंग अजून मनातून जात नाही. सॅकमध्ये बटण दाबलं गेलं आणि टॉर्च दिवसभर आतच जळत राहिला. अंधार पडता पडता बाहेर काढला तर पार मेलेला. समोर घसाऱ्याचा उतार. मी शेवटी चालणार म्हणून मैत्रिणीने स्वतःचा टॉर्च मला दिला आणि ती मोबाइलच्या उजेडात उतरू लागली. पाय सरकला, तेव्हा मोबाइल वाचवायला तिने हात वर धरला आणि सगळं अंग कोपरावर आलं. दोन्ही हात मोकळे असते तर ती नुसती बसली असती. माझ्या निष्काळजीपणाची किंमत तिने मोजली, हे मी विसरत नाही.

या टॉर्चला लॉक आहे. बटण दाबून धरलं की बसतं, तसंच पुन्हा धरलं की उघडतं. माहितीपत्रकात ते होतं, मी वाचलं नव्हतं. आता लॉक केल्याशिवाय तो सॅकमध्ये जात नाही, आणि सोबत एक छोटा जादा टॉर्च असतो. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये माझ्याजवळ झोपतो.

धुक्यात कपाळावरचा उजेड उलटून डोळ्यांवर येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत दिसते. अशा वेळी तो काढून कमरेजवळ धरते. उजेड खालून आडवा पडला की दगडांच्या सावल्या पडतात आणि खड्डा कुठला, उंचवटा कुठला हे कळतं. लाल दिवा मात्र मला फार आवडला. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि पांढरा उजेड ते एका क्षणात घालवतो. पण लाल उजेडात नकाशावरच्या तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, दिसेनाशा होतात. उंचसखलपणा वाचायचा असेल तेव्हा मंद पांढराच लावा.

टॉर्चमध्ये भरभर लुकलुकणारा झोतही आहे. त्यालाच मदतीची खूण समजू नका. डोंगरातली खूण म्हणजे एका मिनिटात सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा सहा. मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं की कुणीतरी पाहिलंय. हे गटातल्या प्रत्येकाला यायला हवं, कारण खूण द्यायची वेळ येते तेव्हा बऱ्याचदा लीडरच जायबंदी असतो.

तक्रारी दोन. घामाने पट्टा सैल पडतो, आणि चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण सहाव्या महिन्यापासून नीट बसत नाही. टॉर्च आयपीएक्स४ आहे, म्हणजे शिंतोडे सोसतो. ओढा ओलांडताना पाण्यात पडला तर त्याचा भरवसा नाही.

एवढं असूनही मी तो बदलणार नाही. दिवसाचाच ट्रेक असला तरी निघण्याआधी आम्ही गोलात उभे राहतो आणि प्रत्येक जण आपला टॉर्च लावून दाखवतो. ज्याचा लागत नाही, त्याच्यासाठी जादाचा तिथेच बाहेर निघतो. तुम्ही घेणार असाल तर दुकानातच हातमोजे घालून लॉक उघडून बघा. माझ्या जाड हातमोज्यांत ते तिसऱ्या प्रयत्नाला उघडतं.