व्हॅलिडिटी वाढली, व्ह्यू नाही: समाजशास्त्र नेटचा ऑनलाइन कोर्स, नऊ महिन्यांनंतर

क्लासचं नाव लिहीत नाही, भांडण मिटलंय. जानेवारी २०२४ मध्ये ७,४९९ रुपये भरले. सीएचबीवर, म्हणजे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना त्यांची किंमत वेगळी सांगायला नको. आमचं मानधन कधी हातात पडतं ते ठाऊकच आहे. मुदत सहा महिने. जूनच्या नेटला (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) पुरून उरेल, असा माझा हिशेब.

१८ जूनला पेपर दिला, बरा गेला. १९ला रात्री परीक्षाच रद्द! फेरपरीक्षा २१ ऑगस्टपासून आणि माझं ॲप १२ जुलैला बंद. मुदतवाढीचे म्हणे १,४९९. अहो, परीक्षा मी रद्द केली का? बॅचमधल्या सगळ्यांनी मिळून मेलवर मेल टाकले, तेव्हा कुठे सप्टेंबरअखेरपर्यंत फुकट वाढवून दिलं.

पण व्ह्यू नाही वाढवले. माझं खरं दुखणं हे. एक लेक्चर तीनदाच बघता येतं. आईचा फोन आला, ॲप मागे गेलं, की एक व्ह्यू खलास. मी फोन एरोप्लेन मोडवर टाकून वायफायवर बघायचे, वहीच्या समासात मिनिटं लिहायचे. ऑगस्टमध्ये उजळणीला बसले तर संशोधन पद्धतीच्या अकरापैकी नऊ लेक्चरांवर कुलूप. मुदत आहे, लॉगिन आहे, बघायला काही नाही. रिकाम्या डब्याला नवं झाकण!

शिकवण्याबद्दल मार्चमध्ये मी मैत्रिणीला 'घेऊ नकोस' म्हणाले होते. सिद्धान्तांचे सर समाजशास्त्रज्ञ पार्सन्सचं एजीआयएल (समाज टिकायला लागणाऱ्या चार गरजांची आद्याक्षरं) फोन नंबरासारखं पाठ करून घ्यायचे. ती चार अक्षरं का लागतात, ते काही सांगायचे नाहीत. ते मत आता अर्धं मागे घेते. आप्तसंबंध (हिंदीत 'नातेदारी', सवय व्हायला महिना गेला) शिकवणाऱ्या बाई वेगळ्याच. त्रिकोण पुरुष, वर्तुळ स्त्री, मधे 'ईगो' (ज्याच्यापासून नाती मोजायची ती व्यक्ती), आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी आप्तसंबंधांवरून पाडलेले भारताचे चार विभाग त्यांनी त्या एका आकृतीतून उलगडले. महाराष्ट्र मध्य विभागात. मामाची मुलगी करतात, आत्याची का नाही? मुलगी दिलेल्या घरातून उलट मुलगी आणायची नाही, म्हणून. लहानपणापासून लग्नघरात ऐकलेलं ते. कागदावर बाणांची दिशा पाहिली तेव्हा कळलं. त्या लेक्चरचे तिन्ही व्ह्यू मी आनंदाने संपवले.

टेस्ट सिरीज चांगली. फेरपरीक्षा ओएमआरऐवजी (कागदावर गोल काळे करण्याऐवजी) संगणकावर झाली, तेव्हा तो सराव कामी आला. पेपर एकचं, म्हणजे सगळ्या विषयांना सारख्या असलेल्या पेपरचं, न बोललेलं बरं. डीआयचे (तक्ते-आकडेवारी वाचायचे) प्रश्न मी अंदाजाने ठोकले, निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून.

ऑक्टोबरमध्ये निकाल आला. सहायक प्राध्यापक हुकलं, त्या वेळपासून सुरू झालेल्या 'फक्त पीएच.डी. प्रवेश' गटात बसले. आता सेट, म्हणजे राज्याची तशीच परीक्षा. नातेदारीची लेक्चरं सुटी मिळतील का, म्हणून विचारलं. उत्तर आलं, पूर्ण कोर्स घ्यावा लागेल, पण जुन्या विद्यार्थ्यांना दहा टक्के सूट. व्ह्यू किती, ते विचारलंय. त्याचं उत्तर अजून नाही.